काचेचा घाम

"या काचेला माणसापेक्षा जास्त घाम येतो," आमचे हे पुटपुटले.

पुटपुटले ते स्वतःशीच, पण चाकांवरच्या घरात 'स्वतःशी' नावाची जागा नसते. शेजारच्या सीटवर मी होते, मागच्या बाकावर सासूबाई होत्या, आणि दोघींनाही ते स्पष्ट ऐकू आलं. मी मुकाट्याने पिवळं फडकं काढलं आणि समोरची काच पुसली. हे स्टिअरिंगवर ओणवे होऊन पुढे बघत बसले. आम्ही अजून गाडी भाड्याने देणाऱ्याच्या आवारातच होतो. समोर फाटक होतं, आणि ते कधी उघडतंय याची हे वाट बघत होते.

फाटक उघडंच होतं.

"अय्या, केवढं मोठं फाटक!" मी म्हटलं. "आणि सताड उघडं!"

"दिसतंय मला," हे म्हणाले आणि गाडी पुढे काढली.

मागून सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला. हाताने काही सांगितलं नाही, नुसता खांदा घट्ट धरला. समुद्रापर्यंत तो काही सुटला नाही.

आता मुळात हे गाडीघर कुठून आलं? ऐन उन्हाळ्यात, समुद्रकाठच्या दमट हवेत, जिथे सकाळी वाळत घातलेला रुमाल संध्याकाळी आणखी ओला होऊन परत येतो, तिथे एका लोखंडी डब्यात जाऊन राहायचं, ही कल्पना यांची. आणि हा माणूस एरवी अंगात ताप असला तरी कचेरीला जातो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही गेला होता. त्याने आपण होऊन आठवडाभराची रजा मागितली!

रजेचं कारण मला ठाऊक होतं. हे एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढतात, आणि त्याच आठवड्यात कचेरीत डोळ्यांचे डॉक्टर सगळ्यांची तपासणी करायला यायचे होते. ही बातमी मला यांच्या सहकाऱ्याच्या बायकोने भाजी घेता घेता दिली. यांनी मला सांगितलं नाही, मी यांना विचारलं नाही. सासूबाईंनी फक्त "रजा कधीपासून?" एवढं विचारलं, मी सांगितलं, आणि त्या "बरं" म्हणाल्या. एवढ्यावर आमच्याकडे अख्खा विषय संपतो.

कारण आमच्या घरात डोळ्यांना दोष द्यायची पद्धत नाही. आम्ही दिव्यांना दोष देतो. माझ्या सासऱ्यांना पेपर दिसेनासा झाला, तेव्हा घरातले बल्ब बदलले. मग पुन्हा बदलले, आणखी मोठे आणले. शेवटी शेवटी खुर्चीवर दोन बाजूंनी दिवे लावले. आमच्या घरात इतका उजेड असायचा, की समोरच्या घरातली मुलं आमच्या उजेडात अभ्यास करून पास झाली. फक्त सासऱ्यांना काही दिसत नव्हतं. ते खिडकीपाशी बसून "आज आभाळ आलंय वाटतं" म्हणायचे, आणि बाहेर रणरणतं ऊन असलं तरी सासूबाई म्हणायच्या, "हो ना, भरून आलंय अगदी."

स्वतः सासूबाईंनी मात्र गेल्या वर्षी मोतीबिंदू काढून घेतला. तोही "दातांच्या डॉक्टरकडे जाऊन येते" असं सांगून! डोळ्यावर पट्टी बांधून परत आल्या तेव्हा हे कौतुकाने म्हणाले, "दात अगदी खोलवर गेला होता का गं?" तेव्हापासून सासूबाईंना समोरच्या गच्चीत वाळणाऱ्या कपड्यांवरचं ठिगळसुद्धा दिसतं. आणि इकडे यांनी काढलेल्या एका नकाशात न्हाणीघराला दारच नव्हतं. कचेरीत लोक हसले. हे म्हणाले, टेबलावरची ट्यूब मिणमिणती आहे. ट्यूब बदलली.

असो. रजा मंजूर झाली आणि गाडी ठरली. गाडी ठरल्याचं कळताच समोरच्या दारातले काका सल्ला द्यायला आले. हे काका आयुष्यात कधी शहराबाहेर मुक्कामाला गेलेले नाहीत, त्यामुळे त्यांना प्रवासाची खडान्‌खडा माहिती आहे.

"समुद्रकाठी मोठा त्रास कशाचा, सांगा बघू?" त्यांनी आमच्या खुर्चीत बसून आमचीच परीक्षा घेतली.

"डासांचा," मी म्हटलं.

"काचेचा! आत एसी, बाहेर दमट वारा. काच आंधळी होते. वर दव धरतं आणि पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही!"

'आंधळी' म्हटल्याबरोबर सासूबाई आतल्या खोलीत निघून गेल्या. पण यांचा चेहरा असा उजळला, की तसा मी बऱ्याच महिन्यांत पाहिला नव्हता.

"काच!" हे म्हणाले. "म्हणजे कुणालाच दिसत नसणार."

"कुणालाच," काकांनी ग्वाही दिली. "उपाय एकच. बटाटा अर्धा कापायचा आणि काचेवर चोळायचा."

काकूंचं म्हणणं पडलं, बटाटा नको, दाढीचा साबण. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, साबणाने डाग पडतात, वर्तमानपत्राचा कागद ओला करून घासा. तळमजल्यावरच्या शिंप्याने खडूची पूड सुचवली. तो कुठल्याही दुखण्यावर तीच सुचवतो. आम्ही निघालो तेव्हा पिशवीत बटाटे, साबण, रद्दी आणि खडू होते. खाण्याचं सामान घरीच राहिलं, हे आम्हाला वाटेत कळलं.

त्या रस्त्याबद्दल मी फारसं लिहिणार नाही. गाडीघर म्हणजे खोलीच्या आकाराची वस्तू, आणि ती चालवणारा माणूस फक्त आवाजावर आणि आत्मसन्मानावर चालवत होता. मी रस्ता वाचायला घेतला, पण मोठ्याने वाचतेय हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून मी कौतुक करत राहिले. "किती सुरेख वळण आहे, डावीकडे!" "गतिरोधक बाई किती छान रंगवलाय!" थोड्या वेळाने सासूबाईही मागून सामील झाल्या. "उजवीकडून एक ट्रक चाललाय, फार जवळून. रंग बरा आहे."

"दोघी गप्प बसा जरा," हे म्हणाले. "देखावा मलाही दिसतोय."

तेवढ्यात समोर सायकलवाला आला. रस्त्याच्या मधोमध, पाठीवर पोतं, आपल्याच नादात. यांचा पाय काही ब्रेककडे जाईना.

"सायकल!" मी किंचाळले.

ब्रेक लागला. वरच्या फळीवरचा बटाटा सासूबाईंच्या मांडीत पडला. सायकलवाला आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत निघून गेला. मी सावरून म्हटलं, "सायकल... एक सायकल घ्यावी म्हणते मी."

"या वयात?" हे म्हणाले. मग रुमालाने कपाळ पुसलं. "काच पूस गं जरा. फार दव धरतंय."

मी पुसली. तेव्हा खरंच दव होतं, थोडंसं. तेवढ्याशा दवावर आम्ही तिघंही किती खूश होतो म्हणून सांगू!

समुद्रकाठी गाडीघरांचा तळ होता; त्याच्या दाराशी एक कारकून बसला होता. त्याने आधी गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे घर आहे की गाडी?"

"दोन्ही," हे म्हणाले.

"दोन्ही चालत नाही. घर असेल तर किनाऱ्यावर बांधकामाला बंदी आहे. गाडी असेल तर मुक्कामाला बंदी आहे. घर म्हणत असाल तर चाकं काढा, गाडी म्हणत असाल तर पलंग काढा."

"मग बाकीच्या उभ्या आहेत त्या?"

"ती वस्ती माझ्या आधीपासूनची आहे."

अर्धा तास वाद झाल्यावर आमची नोंद 'तरंगतं साधन' अशी झाली, कारण त्या रकान्याला बंदीचा नियम नव्हता. त्या नोंदीत पुढे काय वाढून ठेवलंय, हे तेव्हा कळलं असतं तर मी तिथूनच मागे फिरले असते. मग कारकुनाने एक छापील कागद यांच्या पुढे केला. "सूचना. चालकाने मोठ्याने वाचून दाखवायच्या."

कागद मी आधीच ओढायला हवा होता.

"चष्मा गाडीत राहिला," हे म्हणाले. चष्मा यांच्या नाकावर होता.

"मी वाचते," म्हणत मी कागद ओढला आणि भराभर वाचून काढला. कारकून ऐकून घेऊन म्हणाला, "छान वाचता. आता चालक."

यांनी कागद घेतला. तो डोळ्यांपासून योग्य अंतरावर धरला, घसा खाकरला आणि मी नुकतंच वाचलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पाठांतर यांचं पहिल्यापासून चांगलं. पण शेवटच्या सूचनेशी गाडी अडली. हे क्षणभर थांबले आणि ठाम आवाजात म्हणाले, "तळावर कोंबड्या पाळू नयेत."

सासूबाईंना जोराचा ठसका लागला. पण कारकुनाने तो कागद स्वतः कधीच वाचलेला नसावा. त्याने मान डोलावून शिक्का मारला. शेवटची सूचना खरी काय होती, तेही सांगून टाकते: 'होड्या उतरवण्याच्या उताराकडे वाहने नेऊ नयेत.'

तिथे आम्ही राहिलो. राहिलो म्हणजे शिजलो. बिस्किटं मऊ झाली, मीठ दगड झालं, काडेपेटी पेटेना. पलंगावर कूस बदलली की चादर सोबत यायची. एसी होता, पण तो लावला की तळावरची वीज जायची आणि सगळ्या गाड्यांतून माणसं बाहेर येऊन आमच्याकडे बघायची. कापडी छत यांनी स्वतः बांधलं आणि चारातली एक दोरी शेजाऱ्यांच्या खुर्चीला बांधली. शेजारी उठले तसं छत सासूबाईंवर आलं. आतून आवाज आला, "मी बरी आहे. इथे जरा सावली आहे."

याला मी हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हे बाहेर उभे राहून शेजारच्या गाडीकडे बघत प्रसन्नपणे म्हणाले, "गुड मॉर्निंग! उकडतंय ना फार?" उत्तर आलं नाही. हे आत आले. "माणसं हल्ली फार उर्मट झालीत. ढिम्म उभा होता."

मी खिडकीतून पाहिलं. दोरीवर एक मोठा निळा टॉवेल वाळत होता.

मी काय करायला हवं होतं? "अहो, तो टॉवेल आहे" एवढं म्हणायचं होतं फक्त. पण मी म्हटलं, "असतात एकेक माणसं." आणि पुढचे दिवस नवऱ्याचा मान राखायचा म्हणून त्या शेजाऱ्यांशी मीही अबोला धरला. ती बिचारी बाई मला रोज हसून हात करायची. मी मान फिरवायचे आणि आत येऊन, भांडी घासायच्या जागेत तोंड घालून, थोडा वेळ नळ सोडून ठेवायचे. नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही. सासूबाई तेवढ्यात यांना काहीतरी काम सांगून बाहेर न्यायच्या. आम्ही दोघी याबद्दल एकमेकींशी एक शब्दही बोललो नाही. मला वाटायचं, बोललं की खरं होईल. त्यांना तर ते एकदा खरं झालेलं माहीत होतं.

काचेवर मात्र हे रोज राबत होते. गाडी जागची हलत नव्हती, तरी काच स्वच्छ हवी. पहिल्यांदा बटाटा चोळला. त्यावर माश्या आल्या म्हणून साबण. साबणाचे ओघळ गेले नाहीत म्हणून ओली रद्दी. रद्दीची शाई काचेवर उतरली, ती घालवायला खडू. आता खरोखरच काचेतून कुणालाही काही दिसेना. मी समोर बसले तर मला काचेवर उलट्या अक्षरांत कुठल्याशा लग्नाची जाहिरात दिसायची.

"बघ," हे म्हणाले, "तुला तरी दिसतंय का?"

"छे," मी म्हटलं. यांच्या तोंडावर समाधान पसरलं. कुणीतरी आपल्यासोबत आहे असं ते समाधान होतं.

निघायचा दिवस आला. मला फक्त एवढंच कळत होतं, की परतीच्या रस्त्यावरही सायकली असणार. सकाळी हे आंघोळीला गेले तेव्हा मी बादलीभर गरम पाणी घेतलं आणि काच आतून-बाहेरून धुऊन काढली. बटाटा, साबण, शाई, खडू, सगळं गेलं. कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली. इतकी लख्ख झाली, की एक माशी येऊन तिच्यावर आपटली आणि चक्रावून खाली बसली. एसी तर आदल्या संध्याकाळीच कायमचा बंद पडला होता आणि खिडक्या उघड्या होत्या. काचेला घाम यायला आता काही कारणच उरलं नव्हतं.

फडकं पिळताना माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसले आहे ते. सासूबाई पायरीवर बसून बघत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "फार स्वच्छ केलीस गं."

तेवढ्यात यांचा फोन वाजला. कचेरीतला सहकारी होता. गाडीघरात फोनवर पलीकडचं माणूस काय बोलतंय तेही सगळ्यांना ऐकू येतं.

"मजा आहे बुवा तुझी! आणि नशीब बघ, ते डोळ्यांचे डॉक्टर या आठवड्यात आलेच नाहीत. सोमवारी येतायत. तुझी तपासणी हुकायची नाही!"

"वा," हे म्हणाले. फोन खाली ठेवला. मग एकदम उत्साहाने उठले. "आपण आणखी पुढे जायचं का? किनाऱ्या-किनाऱ्याने. रजा वाढवतो मी. इथली हवा आईला मानवलीय."

आईच्या अंगावर घामोळं उठलं होतं. हा माणूस आम्हा दोघींना घेऊन पृथ्वीच्या टोकापर्यंत जाईल, पण सोमवारी कचेरीत जाणार नाही, हे आम्हाला कळलं होतं. तरी आम्ही सामान बांधलं, खिडक्यांच्या कड्या तपासल्या आणि आपापल्या जागेवर येऊन बसलो. भीतीचीसुद्धा माणसाला इतकी सवय होते.

भर दुपार होती. आभाळ, वाळू, समुद्र, सगळं एकाच पांढऱ्या रंगाचं. तळावरून दोन वाटा निघत होत्या. एक डावीकडे, झाडांमधून मोठ्या रस्त्याला जाणारी. दुसरी सरळ, सिमेंटची, रुंद, उन्हात चकाकणारी. ती होड्या पाण्यात उतरवायची होती.

"डावीकडे झाडं किती गर्द आहेत," मी म्हटलं.

"हं," हे म्हणाले आणि सरळ निघाले.

"डावीकडे वाट पण किती छान..."

"समोर एवढा मोठा रस्ता आहे की."

गाडीचं तोंड खाली झुकलं. मागे कपाट उघडलं आणि भांडी धडाधड पुढे आली. समोर रस्ता संपून त्याच रंगाचं पाणी सुरू झालं होतं, आणि यांच्या चेहऱ्यावर मात्र आपण मोठ्या रस्त्याला लागलो असा भाव होता. ते मी विसरणार नाही. मी कौतुक विसरले, वर्णन विसरले. नुसतीच ओरडले, आणि दोन्ही हातांनी मधला हँडब्रेक उपटल्यासारखा वर ओढला. यांनीही ब्रेक दाबला. गाडी घसरली, घसरली, आणि थांबली.

एक लाट आली आणि पुढच्या चाकांना भिजवून परत गेली. 'तरंगतं साधन' असं कारकुनाने लिहिलं होतं ते आठवून मला हसू फुटायला लागलं, आणि मग कळलं की ते हसू नाही.

मागे एक वाटी अजून गोल गोल फिरत होती. ती थांबेपर्यंत आम्ही तिघं तिचाच आवाज ऐकत बसलो. यांचे हात स्टिअरिंगवर होते आणि बोटं पांढरी पडली होती. मग अगदी हळू, पोराने चूक झाल्यावर बोलावं तसं, हे म्हणाले, "काच पूस गं जरा."

माझा हात फडक्याकडे गेला. सवयच ती. फडकं उचललंही मी.

मागून सासूबाईंचा हात आला. या वेळी खांद्यावर नाही, मनगटावर.

"सूनबाई, ठेव ते." मग त्या यांच्याकडे वळल्या. "अरे, तुझ्या वडिलांच्या वेळी मी बल्बच बदलत बसले. डॉक्टर सांगत होते, लवकर आणलं असतं तर थोडं तरी वाचलं असतं. काच सकाळीच धुतलीय हिने. तिच्यावर काहीसुद्धा नाहीये."

आणखी एक लाट आली आणि गेली. मग यांनी नाकावरचा चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसायला म्हणून धरला, आणि पुसता पुसता थांबले.

"मला दिसत नाहीये गं," हे म्हणाले.

मला म्हणाले की आईला, ते कळायला मार्ग नव्हता. आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "माहीत आहे."